वाचकांचे प्रश्न : शाळेच्या आकड्यांचा सातबारा

शाळांची आकडेवारी देणारं एपीआय आतून कसं रचलेलं असतं, यावर आलेल्या पत्रांतली काही या वेळी घेतली आहेत. एपीआय म्हणजे सेतू केंद्राच्या खिडकीसारखी सोय. ठरलेल्या क्रमानं मागणी लिहिली की तेवढाच कागद बाहेर येतो. फरक इतकाच की इथं मागणी माणूस नाही, संगणक वाचतो. त्यामुळे क्रम चुकला तर तो समजून घेणार नाही.

बीसीएच्या प्रोजेक्टसाठी शिक्षणाचा डेटा हवा आहे. सरांनी अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूटचं ‘एज्युकेशन डेटा पोर्टल’ सुचवलं. त्याला नोंदणी लागत नाही, चावी म्हणजे वापराचा खास संकेतही लागत नाही. पण उघडल्यावर सीसीडी, सीआरडीसी, आयपेड्स अशी नावांची लांब यादी दिसते. सगळं एकाच तक्त्यात का नाही? काय कुठं आहे हे कसं ओळखायचं?
— विद्यार्थिनी, आर्वी (जि. वर्धा)

घरचा सातबारा काढून समोर ठेवा. वर गाव नमुना सात : जमीन कुणाची, क्षेत्र किती. खाली गाव नमुना बारा : कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, काय पेरलं. वावर एकच, पण बारामध्ये त्याच्या ओळी अनेक. खरिपात कपाशी, तिच्यात तुरीच्या ओळी, दुसऱ्या तुकड्यात सोयाबीन, त्यावर रब्बीत हरभरा. हे दोन्ही नमुने एका तक्त्यात कोंबले तर मालकाचं नाव प्रत्येक पिकासमोर पुन्हा लिहावं लागेल. मग कुणी क्षेत्राच्या रकान्याची बेरीज मारली की दोन एकराचे आठ एकर होतील.

शाळेचंही तसंच आहे. शाळेचं नाव, ठिकाण, प्रकार ही ‘डिरेक्टरी’; तिथं एक ओळ म्हणजे एका वर्षातली एक शाळा. ‘एनरोलमेंट’ म्हणजे पट. तिथं एक ओळ म्हणजे एका शाळेतला, एका वर्षातला, एका इयत्तेतला, एका गटातला आकडा. ओळीचा अर्थ बदलला की संग्रह वेगळा करावाच लागतो. कोणताही संग्रह उघडताना पहिला प्रश्न हाच विचारा : इथली एक ओळ कशाची आहे? या सदरातल्या निम्म्याअधिक पत्रांचं उत्तर याच प्रश्नात आहे.

आता त्या पोर्टलची मांडणी. पत्त्यातले शब्द तिरप्या रेघांनी जोडलेले असतात आणि त्यांचा क्रम पक्का असतो. सुरुवातीला ‘एपीआय’ आणि ‘व्ही१’. व्ही१ म्हणजे रचनेची पहिली आवृत्ती.

त्यानंतर पातळी. पातळ्या तीनच : स्कूल्स, स्कूल डिस्ट्रिक्ट्स, कॉलेज-युनिव्हर्सिटी. यातल्या ‘डिस्ट्रिक्ट’नं फसू नका. तो आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे, शाळा चालवणारी स्थानिक संस्था आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग एखाद्या गावापुरता किंवा शहरापुरता वेगळा काढला तर जसं होईल, त्याच्या जवळपासचं काहीतरी.

पातळीनंतरचा शब्द स्रोताचा. सीसीडी ही सरकारी शाळांची वार्षिक नोंद, पोर्टलवर १९८६ पासूनची. सीआरडीसी हे नागरी हक्कांच्या बाजूनं होणारं सर्वेक्षण : कोणत्या मुलांना शिक्षा झाली, कोणते विषय कुणाला मिळाले. हे साधारण वर्षाआड होतं. २०१५, २०१७ झाल्यावर पुढचं कोविडमुळे २०२० वर गेलं आणि त्यानंतर लगेच २०२१ चं झालं. एडफॅक्ट्समध्ये चाचण्यांचे निकाल असतात. सेपी हे तिथल्या जनगणना खात्याचे गरिबीचे अंदाज, तेही फक्त स्कूल डिस्ट्रिक्टच्या पातळीवर. शाळेच्या पातळीवर शोधाल तर सापडणार नाहीत. आयपेड्स आणि कॉलेज स्कोअरकार्ड महाविद्यालयांसाठी.

स्रोत इतका वर का ठेवला, हे समजून घेण्यासारखं आहे. पट सीसीडीतही आहे आणि सीआरडीसीतही. दोन्ही आकडे एकाच शाळेचे असले तरी जुळतीलच असं नाही, कारण फॉर्म वेगळा आणि मोजणीमागचा हेतू वेगळा. पत्त्यातच स्रोत लिहावा लागत असल्यामुळे दोन खळ्यांवरचा माल नकळत एका पोत्यात जात नाही. आमच्या मते ही त्या रचनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट.

स्रोतानंतर विषय, मग वर्ष. पुढं गरजेप्रमाणे इयत्ता, वंश, लिंग. म्हणजे २०१४ सालच्या तिसरीचा पट हवा असेल तर : स्कूल्स, सीसीडी, एनरोलमेंट, २०१४, ग्रेड-३. हाच पट वंशनिहाय हवा असेल तर शेवटी ‘रेस’ जोडायचं. त्यानंतर प्रश्नचिन्ह देऊन गाळणी लावता येते, उदाहरणार्थ ‘फिप्स बरोबर ६’ म्हणजे फक्त कॅलिफोर्निया. राज्याचं नाव लिहून चालत नाही, क्रमांकच द्यावा लागतो.

कामाला बसण्याआधी दोन याद्या उतरवून घ्या. एपीआयमध्येच उपलब्ध पत्त्यांची एक यादी असते, तीत कोणत्या संग्रहाला कोणती वर्षं आहेत ते दिसतं. दुसरी यादी रकान्यांची, अर्थ आणि संकेत यांच्यासह. नसलेलं वर्ष मागितलं तर हाती काही येत नाही, आणि नवशिके तासभर आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतात. आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं वापरणार असाल तर तयार पॅकेज आहे. त्यातही पातळी, स्रोत, विषय हाच क्रम चालतो.

तिसरीचा पट रेस आणि सेक्सनुसार मागवला. राज्याची बेरीज मारली तं आकडा चौपट येऊन राहिला. दोनदा तपासलं. काऊन होत असन?
— दर्यापूर (जि. अमरावती)

बरोबर चौपट आला, म्हणजे तुमची बेरीज ठीक आहे. ओळी नीट पाहा. अर्बन इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवरच्या त्या संग्रहात वंशाच्या रकान्यात १, २, ३ असे संकेत असतात आणि त्यांच्यासोबत ९९ हाही असतो. ९९ म्हणजे ‘एकूण’. लिंगाच्या रकान्यातही तसंच : १ मुलगे, २ मुली, ९९ एकूण. एकूणच्या ओळी बाकीच्या ओळींतच मिसळलेल्या असल्यामुळे एका रकान्यात ९९ असेल तर बेरीज दुप्पट होते, दोन रकान्यांत असेल तर दोन गुणिले दोन, चौपट.

एकूण पट हवा असेल तर दोन्ही रकान्यांत ९९ असलेल्या ओळी ठेवा, बाकी सोडा. फोड हवी असेल तर दोन्हीकडचे ९९ वगळा. एकीकडे ठेवून दुसरीकडे वगळायचं असेल तर विचार करून करा. वंशनिहाय पट हवा, लिंगाची फोड नको, तेव्हा लिंग ९९ ठेवून वंशातला ९९ काढायचा. बेरीज बरोबर चौपट न येता चौपटीच्या थोडी खाली-वर आली, तर काही शाळांनी फोड दिलेली नाही आणि नुसता एकूण आकडा दिला आहे, किंवा पुढच्या पत्रातली भानगड आहे.

आणखी एक. त्या पोर्टलवर इयत्तेच्या रकान्यात ० म्हणजे केजी आणि उणे १ म्हणजे त्याआधीचा वर्ग. तिथला उणे १ खराखुरा आहे, गहाळ नाही.

काही शाळांचा पट उणे २ दिसतो. उणे मुलं कशी असतील?
— कारंजा लाड (जि. वाशीम)

नसतात. ते आकडे नसून त्याच पोर्टलवरच्या खुणा आहेत. उणे १ : माहिती आली नाही. उणे २ : लागू नाही. उणे ३ : मुद्दाम झाकली आहे. सरासरी काढण्याआधी तिन्ही रिकाम्या करा. शून्य करू नका. शून्य म्हणजे ‘मोजलं आणि कुणी नव्हतं’. ज्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत तिच्या पाचवीचा पट शून्य नाही, तिथं पाचवी नाहीच.

आमच्याकडे युडायसचे क्रमांक एक्सेलमध्ये पेस्ट केले की २.७ई+१० असं काहीतरी होतं. शिवाय तालुक्याच्या याद्या जनगणनेच्या गावयादीशी जुळवायच्या आहेत, तर जिल्ह्याचा क्रमांक दोन्हीकडे वेगळा. मार्ग सांगा.
— शिक्षक, मेहकर (जि. बुलढाणा)

युडायस क्रमांक म्हणजे आपल्याकडे प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक. तो ११ अंकी आहे आणि प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे : २ अंक राज्य, २ जिल्हा, २ तालुका, ३ गाव, २ शाळा. महाराष्ट्राचा २७. विदर्भातले जिल्हे सलग आहेत : बुलढाणा ०४, अकोला ०५, वाशीम ०६, अमरावती ०७, वर्धा ०८, नागपूर ०९, भंडारा १०, गोंदिया ११, गडचिरोली १२, चंद्रपूर १३, यवतमाळ १४. म्हणजे २७०४ नं सुरू होणारा क्रमांक तुमच्याच जिल्ह्यातला. फाईल हातात आल्यावर पहिले चार अंक तपासले तरी परकी शाळा घुसली आहे का ते कळतं.

एक्सेल या क्रमांकाला संख्या समजतं. रकाना अरुंद असला की ते आखूड रूप दाखवतं. तिथपर्यंत नुकसान नाही, रकाना रुंद केला की क्रमांक परत दिसतो. नुकसान होऊ शकतं ते ही फाईल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाईल, म्हणून जतन करताना. तिथं आखूड रूपच लिहिलं गेलं तर शेवटचे अंक कायमचे जातात. म्हणून आधी रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, मगच पेस्ट करा. सीएसव्ही उघडायची असेल तर दोनदा क्लिक करू नका; ‘डेटा’ मेनूतून फाईल आत घ्या आणि त्या रकान्याला तिथंच ‘टेक्स्ट’ सांगा. क्रमांकाचे तुकडे पाडाल तेव्हा तुमच्या जिल्ह्याचा ०४ नुसता ४ होतो, तोही याच कारणानं.

वरच्या अमेरिकन पोर्टलवर हा त्रास आणखी आहे. तिथला शाळेचा क्रमांक १२ अंकी : २ राज्य, ५ स्कूल डिस्ट्रिक्ट, ५ शाळा. कॅलिफोर्नियाचा ०६, अलाबामाचा ०१. पुढचं शून्य गळलं की १२ चे ११ होतात आणि दुसऱ्या फाईलीशी जोडताना ती सगळी राज्यं गुपचूप गायब होतात. चूक दाखवणारा संदेश येत नाही, ओळी कमी होतात एवढंच. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावून घ्या.

जनगणनेचं म्हणाल तर २०११ मध्ये जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक दिले गेले. त्यात बुलढाणा ५०० आणि यवतमाळ ५१०; मधले त्याच क्रमानं. युडायसच्या जिल्हा क्रमांकात ४९६ मिळवले की जनगणनेचा येतो. विदर्भासाठी हे बिनचूक चालतं. पालघर मात्र २०१४ मध्ये झाला, त्यामुळे सगळ्या राज्यावर हे सूत्र लावू नका. दोन रकान्यांचा जोडतक्ता करून ठेवा.

गावाच्या नावावरून जोडणी करू नका. बुद्रुक आणि खुर्द, ‘बु.’ आणि ‘बुद्रूक’, बुलडाणा आणि बुलढाणा, यांतच दिवस जाईल. शाळेच्या नावावरून तर नाहीच. ‘जि. प. प्राथमिक शाळा’ लिहून शोधलं तर अर्धा तालुका समोर येतो.

मेळघाटातल्या शाळांवर लिहायचं आहे. युडायस प्लसवरून नोंदणी करून शाळानिहाय फाईली घेतल्या. ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ ही गाळणी लावली तर मुलं फारच कमी दिसतात. पटाच्या फाईलीतली सगळी बेरीज घेतली तर अशक्य वाटावी इतकी जास्त. शिवाय वीज असलेल्या शाळांची सरासरी १.६ आली, तिचा अर्थ लागत नाही.
— पत्रकार, धारणी (जि. अमरावती)

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलं कमी दिसतात, कारण शासकीय आश्रमशाळा गळल्या. त्या जिल्हा परिषदेच्या नसून आदिवासी विकास विभागाच्या. फाईलीत त्यांचं व्यवस्थापन वेगळ्या संकेतानं येतं. धारणीसारख्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या क्षेत्रात ‘सरकारी शाळा’ म्हणजे फक्त जिल्हा परिषद असं धरलं की निवासी मुलं हिशेबातून उठतात. भामरागड, अहेरी, पांढरकवडा इथंही हीच चूक होते. गाळणी लावण्याआधी व्यवस्थापनाच्या रकान्यात कोणकोणते संकेत किती वेळा आले आहेत, याची मोजणी एकदा पाहा.

पट जास्त येतो, कारण त्या फाईलीत एक ओळ म्हणजे शाळा नव्हे. एक ओळ म्हणजे एका शाळेतला एक गट, आणि इयत्तानिहाय मुलं-मुली आडव्या रकान्यांत. तेच मूल सामाजिक प्रवर्गाच्या गटात मोजलेलं असतं, धर्माच्या गटात पुन्हा, आणखी एखाद्या गटात पुन्हा. म्हणून आधी एकच गट निवडा; सामाजिक प्रवर्गाचा घेतलात तर प्रत्येक मूल त्यात एकदाच येतं. मग रकान्यांची बेरीज.

वीज : त्या रकान्यात १ म्हणजे आहे, २ म्हणजे नाही, ३ म्हणजे आहे पण चालू नाही. या संकेतांची सरासरी काढणं म्हणजे मोबाइल नंबरांची सरासरी काढणं. १ असलेल्या ओळी मोजा आणि एकूण शाळांनी भागा. ३ वाल्या शाळा वेगळ्या दाखवा. बातमी कदाचित तिथंच असेल.

या फाईली वेगळ्या असतात : शाळेची ओळख, सुविधा, शिक्षक, पट. त्या जोडणारा क्रमांक खऱ्या युडायसऐवजी बदललेला दिलेला असतो, म्हणून आकड्यावरून अमुक गावची शाळा ओळखायला जाऊ नका. आणि जोडताना सगळ्या फाईली एकाच वर्षाच्या घ्या.

२०२२ चा डेटा म्हणजे २०२१-२२ की २०२२-२३?
— हिंगणघाट (जि. वर्धा)

अर्बन इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर शाळेच्या पटासाठी वर्ष म्हणजे सत्र सुरू झालं ते साल. २०१४ म्हणजे २०१४-१५. युडायसमध्ये दोन्ही सालं लिहिलेली असतात, तशीच ठेवा. युडायसच्या पटासाठी रूढ संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीकडे उघडतात. कुणी जूनच्या मध्यावर पट मोजला असता तर कोकण भरलेलं आणि आपण रिकामे दिसलो असतो. म्हणून सालाबरोबर दिनांकही पाहायचा.

केंद्रात १२ शाळा आहेत. दर आठवड्याला वरून नवा नमुना येतो : कधी मुली किती, कधी अनुसूचित जमातीची मुलं किती, कधी पाचवीचे किती. प्रत्येक वेळी १२ मुख्याध्यापकांना फोन. एपीआयसारखी मांडणी आपल्या गूगल शीटमध्ये करता येईल का? आमच्यापैकी कुणीही प्रोग्रॅमर नाही.
— केंद्रप्रमुख, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

करता येईल, आणि प्रोग्रॅमरची गरज नाही. गरज आहे ती नमुन्यांच्या मागं न धावण्याची. वरून येणारा नमुना हे उत्तर असतं. तुम्ही उत्तरं साठवताय, म्हणून दर वेळी नवं गोळा करावं लागतं. साठवायचा तो कच्चा माल.

पाच पानं करा. पहिलं ‘शाळा’ : युडायस क्रमांक, वर्ष, नाव, गाव, खालची इयत्ता, वरची इयत्ता, माध्यम. वर्ष इथंही हवं, कारण चौथीपर्यंतची शाळा पुढच्या वर्षी पाचवीपर्यंत होते. क्रमांक तोच राहतो, वर्णन बदलतं. वर्ष नसेल तर नवी माहिती जुनीवर लिहिली जाते आणि तीन वर्षांपूर्वी तिथं पाचवी होती का, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं ‘पट’ : युडायस क्रमांक, वर्ष, इयत्ता, लिंग, प्रवर्ग, संख्या. सहाच रकाने. शाळेचं नाव इथं लिहायचं नाही. ते पहिल्या पानावर आहे आणि क्रमांकावरून ओढता येतं. १२ शाळा, ५ इयत्ता, २ लिंग, ४ प्रवर्ग धरले तर १२ × ५ × २ × ४ = ४८० ओळी. ऐकायला जास्त वाटतात, पण क्रमांक, इयत्ता, लिंग, प्रवर्ग हे चार रकाने एकदाच भरून ठेवायचे. दर वर्षी मुख्याध्यापकानं फक्त शेवटचा, म्हणजे आपल्या शाळेपुरते ४० आकडे भरायचे. पाचवी नसलेल्या शाळेच्या त्या ८ ओळी काढूनच टाका. वर्ग आहे पण त्या प्रवर्गाचं मूल नाही, तिथं ० लिहायला लावा. रिकामी जागा दिसली की तिचा एकच अर्थ उरला पाहिजे : अजून भरलं नाही, फोन करा.

प्रवर्ग चारच ठेवायचे का, हा कळीचा प्रश्न. युडायसला सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि ओबीसी एवढं चालतं. राज्याच्या नमुन्यांत विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग वेगळे मागतात. आमचा सल्ला : बारीक प्रवर्गच साठवा, ओळी वाढल्या तरी चालतील, आणि बारीकचा मोठ्या प्रवर्गात कुठं समावेश होतो तो तक्ता पाचव्या पानावर ठेवा. बारीकवरून मोठा काढता येतो. उलटं नाही, पीठ दळल्यावर त्यातला गहू वेगळा निवडता येत नाही.

तिसरं ‘शिक्षक’ : एक ओळ एका शिक्षकाची. ‘शिक्षकसंख्या’ असा रकाना कुठंही ठेवू नका, ओळी मोजल्या की ती मिळते. चौथं ‘सुविधा’ : शाळा, वर्ष, बाब, स्थिती. बाब म्हणजे वीज, पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, संरक्षक भिंत. नवी बाब विचारली गेली तर नवा रकाना पाडायचा नाही, नव्या ओळी टाकायच्या. पाचवं ‘संकेत’ : कोणता आकडा किंवा शब्द कशासाठी. बाकी पानांवरच्या याद्या तिथूनच निवडायला लावा, म्हणजे कुणी ‘अ.ज.’, कुणी ‘एसटी’, कुणी ‘अनु. जमाती’ असं लिहिणार नाही. हा ड्रॉपडाऊन लावायला पाच मिनिटं लागतात, न लावल्यास निस्तरायला वर्ष.

‘पट’च्या पानावर एकूणची ओळ लिहू देऊ नका. मुख्याध्यापकांचा हात तिकडं वळतोच, सवय आहे. इयत्ता, लिंग आणि प्रवर्ग तिन्हींची एकूण भरली तर प्रत्येक शाळेच्या ४० ओळींच्या ६ × ३ × ५ = ९० होतात आणि सरसकट बेरीज आठपट येते. दर्यापूरच्या वाचकाला दोन रकान्यांनी चौपट दिली, इथं तीन आहेत. एकूण पाहायचीच असेल तर वेगळ्या पानावर पिव्हट टेबल, म्हणजे सांगाल त्या रकान्यांनुसार आपोआप बेरीज मांडणारा तक्ता, लावा. वरून येणारा कुठलाही नमुना त्याच पिव्हटमधून निघेल : ओळीत शाळा, रकान्यात लिंग, गाळणीत इयत्ता.

राहिली ये-जा. ३० सप्टेंबरचा पट गोठवून ठेवा. दिवाळीनंतर कामाच्या शोधात कुटुंबं बाहेर पडतात, मुलं सोबत जातात. त्यासाठी गोठवलेल्या आकड्याला हात लावायचा नाही. ‘दाखल-खारीज’ असं सहावं पान करून तिथं तारखेसह ओळ टाका. सप्टेंबरचा आकडा अधिक नंतर आलेले उणे गेलेले, असा कोणत्याही दिवसाचा पट मग सांगता येतो.

आमच्या गावच्या शाळेत चौथीत तीनच लेकरं आहेत. नाव नाही दिलं तरी जात न् मुलगी एवढं लिहिलं की अख्ख्या गावाले कळते कोणाची पोर. असा आकडा जाहीर करतेत का?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, कुरखेडा (जि. गडचिरोली)

करू नये, आणि जिथं मांडणी जबाबदारीनं केलेली असते तिथं करत नाहीत. कारंज्याच्या उत्तरातला उणे ३ नेमका यासाठी आहे. अमेरिकेतल्या एडफॅक्ट्सच्या निकालांत लहान गटासाठी नेमकी टक्केवारी न देता पट्टा देतात. पोर्टलवर त्याचे खालचं टोक, वरचं टोक आणि मध्य असे तीन रकाने दिसतात. मध्य हा खरा निकाल नसतो, सोयीसाठी काढलेला असतो. पट्टा रुंद असेल तर त्या मध्यावरून शाळांची क्रमवारी लावणं म्हणजे थट्टा.

एक आकडा झाकून मात्र भागत नाही. समजा केंद्राच्या चौथीत अनुसूचित जमातीच्या एकूण ४१ मुली जाहीर केल्या, आणि तुमची सोडून बाकी शाळांची बेरीज ४० आहे. तुमच्या शाळेसमोर उणे ३ लिहिलं तरी वजाबाकीनं १ निघतोच. म्हणून सोबत आणखी एका शाळेचा आकडा झाकावा लागतो, किंवा त्या पातळीवर फोडच द्यायची नाही. समितीच्या सूचनाफलकावर पट लावायचा असेल तर शाळेची एकूण मुलं-मुली एवढं पुरे. प्रवर्ग इयत्तानिहाय लावू नका.

नेट कमजोर. डेटा मागवला की १०,००० ओळींवर थांबतो. मोबाइलच्या डेटाचं पॅक संपतं, काम होत नाही.
— सिरोंचा (जि. गडचिरोली)

बरोबर १०,००० वर थांबणं हा नेटचा दोष नाही. अर्बन इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर एका पानात जास्तीत जास्त तेवढ्याच ओळी येतात. उत्तराच्या सुरुवातीला चार गोष्टी असतात : ‘काउंट’ म्हणजे एकूण ओळी, ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढच्या पानाचा पत्ता, ‘प्रिव्हियस’ मागच्याचा, आणि ‘रिझल्ट्स’ म्हणजे प्रत्यक्ष माल. काउंट २५,००० असेल तर तीन पानं. नेक्स्ट रिकामं येईपर्यंत मागत राहायचं.

कमजोर नेटवर प्रत्येक पान आलं की लगेच वेगळ्या फाईलीत जतन करा. तिसऱ्या पानावर लाइन तुटली तर पहिली दोन पुन्हा उतरवावी लागणार नाहीत. दोन मागण्यांत एखाद्या सेकंदाची उसंत ठेवा. राज्याची गाळणी आधीच लावा, सगळा देश उतरवून मग घरी गाळत बसू नका. नुसत्या बेरजा हव्या असतील तर पोर्टलवर ‘समरीज’ ही सोय आहे : कोणता रकाना, बेरीज की सरासरी, आणि कशानुसार, हे सांगितलं की हिशेब तिकडंच होतो आणि तुमच्याकडे थोड्याच ओळी येतात. सगळाच माल लागणार असेल तर तयार सीएसव्ही आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या लाइनवर एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर आणा.

एपीआयवरून काढलेला पट संचमान्यतेच्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडता येईल का?
— शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)

आधार म्हणून जोडा, पुरावा म्हणून नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, ज्या पटावरून होते तो शाळेनं प्रणालीत भरून अंतिम केलेला असतो. त्याची छापील प्रत, जनरल रजिस्टर आणि हजेरीपट हीच मूळ कागदपत्रं. बाहेरच्या संग्रहात आलेला आकडा ही त्याची नक्कल, तीही मागच्या दिनांकाची. जोडताना तीन गोष्टी लिहा : मागणीचा पूर्ण पत्ता, उतरवल्याची तारीख आणि उत्तरातला काउंट. तोच पत्ता पुढच्या महिन्यात पुन्हा मागितला आणि काउंट बदललेला दिसला, तर मधल्या काळात संग्रहात दुरुस्ती झाली असं समजा आणि जुनी फाईल फेकू नका.